पत्ता नको, सोबत हवी



दारू आणि स्त्री-चळवळ यांचा संबंध जुना आहे. १९७२ च्या आसपास शहाद्यात आदिवासी बायकांनी एकत्र येऊन दारूचे गुत्ते फोडले. १९९२ मध्ये आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गाला जाणाऱ्या बायकांनी अरकाचं दुकान बंद पाडलं आणि ते लोण राज्यभर पसरलं. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. आपल्याकडे 'आडवी बाटली' हे शब्द तर आता खेड्यातल्या आजीबाईंनाही माहीत आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप लागतं. या साऱ्या लढ्यांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

या लढ्यांमध्ये बाई कायम बाटलीच्या अलीकडे उभी असते. पलीकडे असतो नवरा, मुलगा किंवा बाप. पगार उडवणारा तो आणि मार खाणारी ती. हे चित्र खोटं नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के होतं. म्हणजे पिणाऱ्या सतरा पुरुषांमागे पिणारी एक बाई. पण त्या सतरांमागची ती एक आहे कुठे? मोर्चात ती नसते. आपल्या शिबिरातल्या गाण्यांत ती नसते. पथनाट्यात दारुड्या नवऱ्याचं काम करायला आपल्यातली एखादी हौसेनं पुढे येते, पण दारू सुटत नाही म्हणून हवालदिल झालेली बाई आपण कधी रंगवलेली नाही. हे संपादकीय तिच्याविषयी आहे, आणि तिला लागणाऱ्या एका अगदी साध्या गोष्टीविषयी.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून मी गेली काही वर्षं सल्ला केंद्रात काम करते आहे. केंद्रात येणाऱ्या बायका मारहाणीची, पोटगीची किंवा मुलांच्या ताब्याची तक्रार घेऊन येतात. 'मी पिते' ही तक्रार घेऊन कोणी येत नाही. ती गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत, उठता उठता, दाराशी थांबून सांगितली जाते. ओळखीच्या खुणा बदलून सांगते. एक सफाई कामगार आहे. पहाटेच्या पाळीला निघताना दोन घोट घ्यायची सवय तिला कामावरच्या बायकांनीच लावली, कारण कचऱ्याचा आणि गटाराचा वास कोऱ्या पोटी सहन होत नाही. दोन घोटांचं वर्षभरात क्वार्टर झालं. दुसरी बँकेत अधिकारी आहे. मुलं झोपली की ओट्याखालच्या डब्यातून बाटली निघते आणि सकाळी वेलची तोंडात टाकून ती लोकल पकडते. तिसरीला लग्नानंतर नवऱ्यानंच 'जरा कंपनी दे' म्हणून पहिला ग्लास हातात दिला. आता तिचा हात थांबत नाही, तेव्हा तोच चारचौघांत तिला 'दारुडी' म्हणतो आणि तेच मारण्याचं कारण ठरतं.

'दारुडा' आणि 'दारुडी' हे शब्द वजनाला सारखे नाहीत, हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दारुड्यावर सिनेमात विनोद होतात आणि त्याची गल्लीत कीवही केली जाते. 'दारुडी' म्हटलं की मात्र बोलणं थेट चारित्र्यावर येतं. नवरा व्यसनमुक्तीसाठी भरती झाला तर बायको डबा घेऊन जाते, कुटुंबासाठी असलेल्या बैठकांना बसते, आपलं कुठे चुकलं हे शोधत राहते. बायको भरती झाली तर पुष्कळदा तिची बॅग माहेरी पोचती होते. मग ती सांगेल कशाला? ती लपवते, आणि लपवण्यात वर्षं जातात. तिच्या शरीराला ही वर्षं परवडत नाहीत. सारख्याच वजनाच्या पुरुषाइतकीच दारू घेतली तरी बाईच्या रक्तात तिचं प्रमाण जास्त चढतं, कारण तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. यकृताचं नुकसानही तिच्या बाबतीत तुलनेनं कमी काळात होतं. म्हणजे जिला लवकर मदत मिळायला हवी, तीच सगळ्यांत उशिरा पोचते.

मदत आहे का? आहे, आणि फुकट आहे. गावोगावच्या शाळांमध्ये, चर्चच्या मागच्या खोल्यांत, समाजमंदिरांत संध्याकाळी काही माणसं गोल करून बसतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए.ची ही सभा. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघंही दारूनं गांजलेले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोललं की त्या दिवसापुरती दारू टळते, हा त्यांचा अनुभव. त्यातून ही चळवळ उभी राहिली आणि जगभर गेली. इथे वर्गणी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. चहा-पाण्यासाठी आणि जागेच्या भाड्यासाठी एक डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल त्यानं टाकावं, नवीन आलेल्यानं नाही टाकलं तरी चालतं.

सभा तास-दीड तासाची असते. एक जण सूत्रं सांभाळतो, थोडं वाचन होतं, मग एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही, 'असं कसं केलंत?' म्हणत नाही. नवीन माणसावर बोलायची सक्ती नसते. 'आज मी फक्त ऐकते' एवढं म्हटलं तरी पुरतं. सुटलेली दारू दिवसांनी मोजतात, आणि वीस वर्षं न प्यायलेला माणूससुद्धा आजच्या दिवसापुरतंच बोलतो. कुणी पुन्हा प्यायला तर त्याला हाकलत नाहीत, तो परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. काही सभा 'ओपन' असतात, तिथे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना आणि घरच्यांनाही बसता येतं. 'क्लोज' सभा फक्त व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी असते. मी ओपन सभांना जाते, त्यातून हे लिहिते आहे.

याचा उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक सहभागी व्यक्तींची माहिती तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे या सभांशी जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा वर्षभरानंतर पाहता त्यांहून सरस ठरले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल हे म्हणता येणं लहान नाही. मात्र त्या वाक्यातले 'जोडून देणारे' हे शब्द नजरेआड करू नका. सगळी मेख तिथेच आहे.

आपण सल्ला केंद्रात काय करतो? कागदाच्या चिठ्ठीवर पत्ता लिहून देतो. 'अमुक शाळा, पहिला मजला, मंगळवार-शुक्रवार, सात वाजता. जाऊन या हं.' बाई चिठ्ठी पर्समध्ये ठेवते. पुढच्या भेटीत विचारलं तर म्हणते, 'जमलं नाही.' आपण नोंदवहीत लिहितो, 'इच्छाशक्ती कमी.' १९८१ मध्ये अमेरिकेतल्या सिसन आणि मॅलम्स या दोन संशोधकांनी एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला होता. वीस रुग्णांपैकी दहा जणांना सभेची माहिती, वेळ, पत्ता देऊन 'जा' म्हणून सांगितलं. उरलेल्या दहा जणांसाठी सल्लागारानं समोर बसूनच ए.ए.च्या एका सदस्याला फोन लावला, दोघांना बोलायला लावलं, आणि त्या सदस्यानं 'मी तुम्हाला सभेला घेऊन जातो' असं सांगितलं. निकाल असा की दुसऱ्या गटातले दहाच्या दहा सभेला गेले. पत्ता मिळालेल्या गटातलं एकही नाही. प्रयोग लहान होता हे खरं. पण दहा विरुद्ध शून्य हा फरक इच्छाशक्तीचा नाही. तो सोबतीचा आहे.

आता त्या चिठ्ठीवरच्या पत्त्याकडे बाईच्या नजरेनं पाहूया. संध्याकाळी सात म्हणजे कुकर लावायची वेळ, कुठे पाण्याची वेळ, मुलांच्या अभ्यासाची वेळ. पुरुष सातला घराबाहेर पडला तर त्याला कोणी विचारत नाही. तिला पाच जण विचारतात. सभा आपल्याच वस्तीतल्या शाळेत असेल तर पायऱ्या चढताना कोण पाहील याची धास्ती, लांब असेल तर परतीच्या रिक्षाचे पैसे. धाकटं मूल कडेवर असेल तर त्याला सोडायचं कुणाकडे? हे सगळं ओलांडून ती दारात पोचली, की आत पंचवीस-तीस पुरुष. एखादा भला गृहस्थ खुर्ची पुढे करून विचारतो, 'या ताई, मिस्टर कुठे आहेत?' बाई आली म्हणजे ती कुणाची तरी बायकोच असणार! मग तिला नातेवाइकांच्या सभेची खोली दाखवली जाते. त्या गृहस्थाच्या मनात वाईट काही नसतं. पण इथवर यायला जिनं सगळं बळ एकवटलं, तिला त्याच दारात 'नाही हो, पिणारी मीच' असं मोठ्यानं म्हणावं लागतं. बऱ्याच जणी 'हो, ते येतीलच' म्हणून मागे फिरतात.

या गोष्टीला इतिहासही आहे. ए.ए.चं मूळ पुस्तक १९३९ मध्ये निघालं. त्यात बायकांना उद्देशून एक प्रकरण आहे, दारुड्यांच्या बायकाच जणू बोलताहेत अशा आवाजात लिहिलेलं. ते लिहिलं मात्र बिल विल्सननं. त्याची बायको लुईस हिला ते लिहायचं होतं, पण ते काम तिला मिळालं नाही. त्या पहिल्या आवृत्तीत पिणाऱ्या बाईची कहाणी एकच होती. पुढे मार्टी मान ही बाई स्वतः दारूतून बाहेर पडली, १९४४ मध्ये तिनं व्यसनाविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती अमेरिकेत उभी केली आणि पिणाऱ्या स्त्रीविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली. लुईसनं १९५१ मध्ये आणखी एका मैत्रिणीबरोबर पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' सुरू केलं. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी अनिताताईंनी 'सहचरी' गट बांधला. त्या गटानं कित्येक जणींना 'त्याची दारू हा माझा दोष नाही' हे म्हणायला शिकवलं. ज्यांच्या घरी पिणारा नवरा किंवा मुलगा आहे त्यांनी अशा गटात आवर्जून जावं, तो पिणं सोडो अथवा न सोडो. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हे वेगळं केंद्र मुक्तांगणमध्ये सुरू झालं ते २००९ साली. बायकोसाठी जागा आधी झाली आणि बाईसाठी नंतर, हा क्रम सगळीकडेच दिसतो.

स्त्रीमुक्तीच्या दृष्टीनं ए.ए.च्या विचाराकडे पाहताना मला काही खटकतं, तेही सांगते. बारा पायऱ्यांमधली पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणं. पुढे अहंकार सोडणं, ईश्वराच्या स्वाधीन होणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं हे येतं. घरातला कर्ता म्हणून मिरवलेल्या पुरुषाला हे औषध लागू पडत असेल. पण जन्मभर जिला 'तू कोण?' असंच विचारलं गेलं, तिच्याजवळ गाळायला अहंकार उरला आहे कुठे? अमेरिकेतल्या जीन कर्कपॅट्रिक यांनी नेमका हाच मुद्दा मांडला आणि १९७५ मध्ये फक्त स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली. बाईला नमवून तिची दारू सुटत नाही, तिला तिची किंमत कळली की सुटते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला पटतं.

तरीही मी बायकांना ए.ए.च्या सभेला जायला सांगते. कारण हतबलता दारूपुढची आहे, नवऱ्यापुढची नाही. हा फरक तिला आपण समजावून देऊ शकतो. ईश्वर न मानणाऱ्या कितीतरी जणांनी तो शब्द बाजूला ठेवून समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानलं आहे, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. भरपाईच्या पायरीतसुद्धा, ज्यानं कुणाला इजा होईल ती भरपाई करू नये असा अपवाद मुळातच आहे. म्हणून मारणाऱ्या नवऱ्याचे पाय धरून माफी मागायला कुणी सांगत असेल, तर त्याला हा अपवाद दाखवावा. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे आठवड्याचे सातही दिवस, फुकट, कुणाच्याही शिफारशीशिवाय बसता येईल अशी दुसरी जागा आज तिच्यासाठी जवळपास नाही.

जायचं तर कसं जायचं, हे नीट सांगायला हवं. पहिली गोष्ट सभेच्याही आधीची आहे. जी रोज आणि भरपूर पिते तिनं उद्यापासून एकदम बंद करायचा पण करू नये. अचानक दारू तुटली की हातपाय थरथरणं, घाम, उलट्या, फिट येणं, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होणं असे प्रकार होऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते पहिले दिवस काढावेत. सभा त्यानंतरच्या आयुष्यासाठी. आणि 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींमधली पूड किंवा डायसल्फिरामच्या गोळ्या चोरून जेवणात घालणं, मग ते बायको नवऱ्याला घालो की नवरा बायकोला, हे जिवावर बेतणारं काम आहे. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ज्याचं शरीर त्याला ठाऊक असल्याशिवाय हे औषध द्यायचं नसतं.

सभा शोधायला ए.ए.च्या स्थानिक फोनवर किंवा सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं. फोन करताना चार गोष्टी विचाराव्यात. सभा ओपन आहे की क्लोज? भाषा कोणती? नियमित येणारी एखादी तरी बाई आहे का, आणि ती आधी फोनवर बोलेल का? दुपारची किंवा सकाळची सभा कुठे आहे? २०२० च्या टाळेबंदीत सभा फोनवर आणि संगणकावर भरू लागल्या, आणि त्या बऱ्याच ठिकाणी चालू राहिल्या. ज्यांना बाहेर पडणं अशक्य आहे त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. त्यात फक्त बायकांच्या सभाही असतात. पण एका खोलीच्या घरात, नवऱ्याच्या नजरेखालच्या फोनवर, 'मी पिते' म्हणायचं कुठे? अशा वेळी आपल्या केंद्रातली एक खोली आणि एक फोन तासभर तिला मिळाला तर तेवढंही पुष्कळ आहे.

पहिल्या सभेला बाईनं एकटीनं जाऊ नये. तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीनं जावं, सभा क्लोज असेल तर बाहेर बाकावर बसून राहावं. पहिल्या सभेवरून मत बनवू नये, निदान पाच-सहा सभा, त्याही दोन-तीन वेगळ्या ठिकाणच्या, बघाव्यात. ए.ए.मध्ये जुना सदस्य नव्याला हात देतो, त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. बाईची स्पॉन्सर बाईच असावी, असा संकेत तिथेही आहे आणि तो पाळायलाच हवा. कारण जिथे नवी बाई मोडलेल्या मनानं येते, तिथे गैरफायदा घेणारा एखादा असतोच. खुद्द ए.ए.च्या वर्तुळात याला उपरोधानं 'तेरावी पायरी' म्हणतात. म्हणजे हा प्रकार त्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा घरी सोडण्याची गळ, रात्रीचे फोन, 'तुला मीच समजू शकतो' अशी भाषा दिसली की ती सभा सोडावी, सभा सोडणं म्हणजे दारू सोडण्याचा निश्चय सोडणं नव्हे. शहरात दुसरी सभा असते.

कायद्याविषयी दोन शब्द. 'ती पिते' हे मारहाणीचं समर्थन होऊ शकत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त न पिणाऱ्या बायकांसाठी केलेला नाही. नवऱ्यानं रातोरात गाडी बोलावून तिला कुठल्याशा केंद्रात कोंडणं, असले प्रकार आपल्याकडे येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजार येतात. त्यानुसार बाईच्या संमतीशिवाय भरती करायची तर तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि ठरावीक कारणं लागतात, आणि अशा भरतीची खबर तीन दिवसांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती कोण, हे बाई साध्या कागदावर लिहून आधीच ठरवू शकते. ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. हा कागद आपल्या प्रत्येक केंद्रात लिहून घेतला जावा असं मला वाटतं.

आता आपल्या गटांकडून काय अपेक्षा आहे ते मांडते. २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. आडवी झालेली बाटली पुन्हा उभी राहू शकते. दुकानाविरुद्धचा लढा चालू ठेवायचाच आहे. पण दुकान उघडं असो की बंद, जिचा हात थरथरतो आहे तिला आजची संध्याकाळ काढायची आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक केंद्रात आसपासच्या सभांची ताजी यादी हवी, स्वतः जाऊन पाहिलेली. महिन्यातून दोन संध्याकाळी सोबत जायला तयार असलेल्या दोन-तीन कार्यकर्त्या हव्यात. तेवढ्या वेळापुरतं मूल सांभाळणारी एखादी आजी हवी. आणि आपली बैठकीची खोली दुपारी दोन ते साडेतीन रिकामीच असते, ती स्त्रियांच्या सभेसाठी देऊ करता येईल. ते थोडंफार भाडं देऊ करतील, ते घ्यावं, कारण बाहेरची मदत न घेता आपला खर्च आपण भागवायचा हा त्यांचा नियम आहे. तिथे आपला फलक लावू नये, नावं विचारू नयेत, अहवालात आकडा मागू नये. कुलूप उघडून द्यावं आणि बाहेर पडावं.

बायकाच येत नाहीत तर सभा कुणासाठी, असा प्रश्न काही गटांतून विचारला जातो. त्याच २०१९ च्या पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलीतरी मदत मिळाली असं आढळलं, आणि ही गोष्ट बहुसंख्य पुरुष असलेल्या आकड्याची आहे. बाईची काय कथा! ती येत नाही कारण तिथे तिच्यासारखी कोणी नाही, आणि तिच्यासारखी कोणी नाही कारण ती येत नाही. हे चक्र कुठेतरी एकीनं तोडावं लागतं. ए.ए.च्या नियमाप्रमाणे सभा भरायला मोठा जमाव लागत नाही. दोघी जमल्या तरी ती सभाच असते.

आपल्या केंद्रात उद्या कोणी दाराशी थांबून, आवाज खाली करून, काही सांगू लागली तर चिठ्ठी लिहायला कागद शोधू नका. फोन जवळ ओढा, आणि तिला विचारा, 'मंगळवारी किती वाजता निघू या?'